स्वच्छ दाखला, आजारी जहाज

७ नोव्हेंबर १९१८ रोजी ‘तालुने’ नावाची एक आगबोट प्रशांत महासागरातील सामोआ बेटांच्या आपिया बंदरात येऊन थांबली. ऑकलंडहून ती ३० ऑक्टोबरला निघाली होती. वाटेत फिजी बेटांना तिने भेट दिली होती. बोटीवर माल होता, टपाल होते, घरी परतणारे प्रवासी होते आणि त्या प्रवाशांतील काहीजण तापाने फणफणत होते. बंदरावरील डॉक्टर रीतीप्रमाणे बोटीवर चढले. कागदपत्रे पाहिली गेली. ऑकलंडच्या अधिकाऱ्यांनी दिलेला आरोग्याचा दाखला स्वच्छ होता. प्रवाशांना उतरण्याची परवानगी मिळाली. पुढील दोन महिन्यांच्या आत पश्चिम सामोआतील सुमारे ८,५०० माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी तेथील लोकसंख्या अवघी ३८,००० होती. म्हणजे दर पाच माणसांमागे एकाहून अधिक माणूस गेला.

महामारीच्या काळात एखाद्या बेटावर कोणी यावे, कोणी येऊ नये, यासंबंधीचे नियम हा विषय अलीकडे पुन्हा सर्वांच्या परिचयाचा झाला. २०२० साली आपणही घरात कोंडले गेलो, विमाने थांबली, बंदरे बंद झाली. ते दिवस मागे पडल्यावर आम्ही सामोआचा हा जुना वृत्तांत पुन्हा वाचावयास घेतला आणि ‘स्वच्छ दाखला’ या दोन शब्दांपाशी बराच वेळ थांबलो.

ऑकलंड शहरात त्या वेळी इन्फ्लुएन्झाची साथ जोरात होती, मग दाखला स्वच्छ कसा? उत्तर सरळ आहे. न्यूझीलंडच्या तत्कालीन कायद्यानुसार ज्या रोगांची नोंद सरकारकडे करणे सक्तीचे होते, त्यांच्या यादीत इन्फ्लुएन्झाचे नाव तेव्हा नव्हते. यादीत नाव नाही म्हणून कागदावर रोग नाही. फिजीमधील सुवा बंदरात हेच जहाज विलग ठेवण्यात आले होते. परंतु ही गोष्ट आपियाच्या डॉक्टरांच्या कानावर गेली नाही. एकाही अधिकाऱ्याने कागदात खोटी अक्षरे लिहिली नव्हती. तरीही संपूर्ण सत्य मात्र कोणी उच्चारले नाही. आपियाहून हीच बोट पुढे टोंगा बेटांकडे गेली आणि तेथेही तिने तोच आजार नेला.

पश्चिम सामोआवर त्या काळी न्यूझीलंडचा लष्करी अंमल होता. १९१४ च्या ऑगस्टमध्ये, पहिले महायुद्ध सुरू होताच, न्यूझीलंडच्या फौजेने ही जर्मन वसाहत ताब्यात घेतली होती. कर्नल रॉबर्ट लोगन हे तेथील प्रशासक. साथ पसरू लागल्यावर घरेच्या घरे आजारी पडली. पारंपरिक सामोअन घरांना भिंती नसतात. खांबांवर उभे छप्पर आणि खाली चटया. एकाच छपराखाली सारे कुटुंब निजते. आजी-आजोबा, आई-बाप, लेकरे एकाच वेळी अंथरुणाला खिळली, तेव्हा पाणी भरून देणारा हात उरला नाही. मृतदेह चटयांत गुंडाळून सामुदायिक खड्ड्यांत पुरावे लागले. गावाचा कारभार पाहणारे कुटुंबप्रमुख, ज्यांना तेथे ‘मताई’ म्हणतात, तेही मोठ्या संख्येने गेले. त्यांच्याबरोबर वंशावळी आणि जमिनीच्या हद्दींचे तोंडी ज्ञानही गेले. मारिस्ट धर्मगुरू १८४५ साली या बेटांवर आले होते आणि १९१८ पर्यंत तेथे ख्रिस्ती श्रद्धा चांगली रुजली होती. अशा ख्रिस्ती लोकांना आपल्या माणसाचा योग्य अंत्यविधी करता येऊ नये, यातील वेदना आमच्या वाचकांना निराळी सांगावयास नको.

याच द्वीपसमूहाच्या पूर्व भागात, आपियापासून साधारण सव्वाशे किलोमीटरवर, पागो पागो हे बंदर आहे. तो भाग अमेरिकेच्या नौदलाकडे होता आणि जॉन मार्टिन पॉयर तेथील गव्हर्नर होते. भाषा तीच, रक्त तेच, दोन्हीकडे नातीगोती. पॉयर यांनी बिनतारी संदेशांतून येणाऱ्या जगभरच्या साथीच्या बातम्या लक्षपूर्वक वाचल्या आणि बंदराची दारे आवळली. येणारी जहाजे विलग ठेवली. पण आरमारी बोटींनी एवढा किनारा राखणे शक्य नव्हते. रात्री नात्यागोत्याचा माणूस लहान होडीतून आला तर त्याला अडवणार कोण? तेव्हा पॉयर यांनी सामोअन प्रमुखांना विश्वासात घेतले आणि गावकऱ्यांनीच आपापल्या किनाऱ्यावर पहारे बसविले. सख्ख्या नातलगाची होडी परत पाठविणे त्यांना किती कठीण गेले असेल! पण अमेरिकन सामोआत त्या साथीने एकही बळी घेतला नाही. संपूर्ण जगात अशी उदाहरणे अगदी थोडी आहेत.

आपियाहून आलेले टपालाचे जहाज पागो पागो येथे विलग ठेवले, याचा लोगन यांना राग आला आणि त्यांनी तेथील बिनतारी संपर्क बंद केला. पॉयर यांनी वैद्यकीय मदत देऊ केली होती. तिचा उपयोग करून घेण्यात आला नाही. रोगाला अडवावयाचे होते तेव्हा दार उघडे राहिले आणि मदत यावयाची होती तेव्हा दार बंद झाले. १९१९ साली चौकशी आयोग बसला आणि त्याने प्रशासनाच्या चुका नोंदविल्या. पण लोकांच्या मनात जे तुटले ते आयोगाने जुळत नाही. पुढे ‘माऊ’ ही स्वातंत्र्याची चळवळ बळावली, तिच्यामागे या स्मृतीचा मोठा वाटा होता. २८ डिसेंबर १९२९ रोजी आपियातील शांततामय मिरवणुकीवर गोळीबार झाला व चळवळीचे नेते तुपुआ तामासेसे लेआलोफी प्राणास मुकले. १ जानेवारी १९६२ रोजी सामोआ स्वतंत्र झाला. २००२ च्या जूनमध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी आपियात जाऊन या साऱ्याबद्दल क्षमा मागितली. चौऱ्याऐंशी वर्षांनी का होईना, एका राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्रापुढे दोष कबूल केला. प्रायश्चित्त संस्काराशी परिचित असलेल्या आपणांस त्याचे मोल कळावे.

त्याच १९१८ साली आपल्या मुंबई बंदरातही हेच घडले होते. १० जूनला गोदीत पहाऱ्यावर असलेले सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले आणि मग आजार शहरभर, पुढे रेल्वेच्या रुळांवरून देशभर पसरला. हिंदुस्थानात त्या वर्षी एक कोटीहून अधिक माणसे दगावली. आपल्या घराण्यांतील जुन्या माणसांच्या आठवणींतही ‘मानमोडीचे साल’ या नावाने ते वर्ष कित्येक दशके जिवंत होते.

सामोआ मात्र विसरला नाही. २०१९ च्या उत्तरार्धात तेथे गोवराची साथ आली. लोकसंख्या जेमतेम दोन लाख. ८३ जण गेले, त्यांत बहुतेक पाच वर्षांखालील बालके. डिसेंबरच्या ५ व ६ तारखांना सारा देश बंद ठेवून परिचारिका घरोघर फिरल्या. ज्या घरात लस न घेतलेले माणूस आहे त्या घराबाहेर लाल कापड बांधावे असा आदेश होता. हा शोक ताजा असतानाच नव्या विषाणूची बातमी आली. जानेवारी २०२० पासूनच सामोआने प्रवेशाचे नियम कडक केले. साथीच्या देशातून येणाऱ्याने आधी रोगमुक्त देशात चौदा दिवस काढावेत आणि वैद्यकीय दाखला आणावा, असा दंडक घातला. फेब्रुवारीत सिंगापूरमार्गे आलेल्या आठ सामोअन नागरिकांना स्वतःच्याच देशात उतरू न देता फिजीला परत धाडण्यात आले. मार्चमध्ये आणीबाणी जाहीर झाली, सीमा मिटल्या. पुढे मोजक्या विमानांनी माणसे आणली गेली, तीही चौदा दिवसांच्या विलगीकरणाच्या अटीवर. समाजात साथ पसरली ती मार्च २०२२ मध्ये, आणि तोवर बहुतेक प्रौढांचे लसीकरण झाले होते. मृतांची संख्या तिसांच्या आसपास राहिली. १ ऑगस्ट २०२२ रोजी देशाची दारे सर्वांसाठी उघडली.

या आकड्यांपुढे १९१८ चे ८,५०० ठेवले म्हणजे नियमांचे महत्त्व पटते. तरी त्या नियमांची किंमतही कोणीतरी मोजलीच. न्यूझीलंडमध्ये व ऑस्ट्रेलियात मजुरीला गेलेले सामोअन महिनोन्‌महिने घरी येऊ शकले नाहीत. त्याच काळात हजारो भारतीय खलाशी जहाजांवर अडकून पडले होते. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण त्यांतलाच. वडिलांची अंत्यविधीची मिस्सा आम्ही मोजक्या माणसांत अर्पण केली तेव्हा तो कुठल्याशा समुद्रात होता. त्याच्या आईने आम्हांस विचारले, “फादर, माझ्या पोराने काय गुन्हा केला?” गुन्हा कोणाचाच नव्हता, हे तिला सांगताना आमचे शब्द अपुरे पडले.

आज तिला उत्तर देताना आम्ही पागो पागोच्या किनाऱ्यावरील त्या पहारेकऱ्यांची गोष्ट सांगू. त्यांनी होडी परत पाठविली ती नातलगाविषयी मनात आकस होता म्हणून नव्हे. गावातील लेकरे जगावीत म्हणून. मात्र ज्याला दाराबाहेर उभे केले त्याच्या अन्नपाण्याची, औषधाची आणि निरोपाची काळजी घेणे हेही दार राखणाऱ्याचेच कर्तव्य असते. लोगन यांच्या हातून जे सुटले ते नेमके हेच.

आपली मुले आज आखातात, जहाजांवर, दूरदेशी जातात. महामारीच्या काळात विमानतळावर त्यांच्या हाती आरोग्याचा अर्ज दिला जात असे आणि तो भरणे हा अनेकांना नुसता सोपस्कार वाटे. ‘ताप आहे काय?’ या प्रश्नापुढे खरे उत्तर लिहिल्याने प्रवास चुकेल, नोकरी जाईल, ही भीती आम्ही समजू शकतो. तरीही मुलांना निरोप देताना आईबापांनी तालुनेची कथा एकदा सांगावी. त्या जहाजाचे सारे कागद बरोबर होते.