प्रथिनांचे द्रव्यमान वर्णपट

प्रथिनाच्या तुकड्यांना विद्युत् भारित (आयन) रूप दिल्यावर, द्रव्यमान व विद्युत् भार यांच्या गुणोत्तरानुसार मिळणारी शिखरांची मालिका. उपकरण केवळ ही गुणोत्तरे नोंदविते. ॲमिनो अम्लांचा क्रम अनुमानानेच ठरवावा लागतो. त्या अनुमानावर कितपत विसंबावे, हा या शाखेतील जुना प्रश्न आहे.

एफ्. डब्ल्यू. ॲस्टन यांनी १९१९ मध्ये द्रव्यमान वर्णपटलेखक तयार केला. परंतु तापविल्यास प्रथिनांचे बाष्प न होता विघटन होत असल्याने ती दीर्घकाळ त्याच्या कक्षेबाहेर राहिली. जे. बी. फेन यांची विद्युत् फवारणी व कोइची तानाका यांची लेसर पद्धती यांमुळे १९८८ च्या सुमारास ही अडचण दूर झाली. या कार्याबद्दल दोघांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. प्रत्यक्षात अधिक रूढ झालेली लेसर पद्धती मात्र कारास व हिलेनकांप यांची होय. त्यांचा गौरव राहून गेला.

पेप्टाइडाच्या तुकड्यांच्या लगतच्या दोन शिखरांत ५७ एककांचे अंतर असल्यास ग्लायसीन, ७१ असल्यास ॲलॅनीन असे वाचन करतात. ल्यूसीन व आयसोल्यूसीन यांचे द्रव्यमान मात्र तंतोतंत सारखे असल्याने केवळ अंतरावरून ती ओळखता येत नाहीत. शिवाय काही शिखरे मिळतच नाहीत. यावर एंग, मॅकॉर्मॅक व येट्स यांनी १९९४ मध्ये उलटा मार्ग सुचविला : ज्ञात क्रमांवरून अपेक्षित वर्णपट काढून त्यांची प्रत्यक्ष वर्णपटाशी संगणकाने तुलना करावयाची. तथापि संगणक सर्वांत जवळचा क्रम देतोच, मग तो खरा असो वा नसो. म्हणून शोधयादीत मुद्दाम उलटे केलेले क्रम मिसळून, त्यांपैकी किती जुळतात यावरून चुकांचे प्रमाण काढण्याचा प्रघात पडला.

एवढ्यानेही भागले नाही. २०१४ मध्ये मानवी प्रथिनसंचाचे दोन आराखडे प्रसिद्ध झाले. त्यांपैकी बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्सचा सहभाग असलेल्या आराखड्यात १७,२९४ जीनांची प्रथिने नोंदलेली होती. नाकातील ऊतक कोणीच तपासले नसता दोन्ही आराखड्यांत गंधग्राहक प्रथिने कशी आली, असा आक्षेप त्याच वर्षी घेण्यात आला; फेरतपासणीत त्यांचा विश्वसनीय पुरावा आढळला नाही. अनेक प्रयोग एकत्र केले असता खऱ्या जुळण्या त्याच त्या प्रथिनांवर पडतात. चुकीच्या मात्र दरवेळी नव्या प्रथिनांवर विखुरतात व यादी फुगवितात. नव्या प्रथिनाचा दावा करताना किमान ९ ॲमिनो अम्लांची दोन भिन्न पेप्टाइडे दाखवावीत, असा दंडक मानवी प्रथिनसंच प्रकल्पाने २०१६ मध्ये घातला.