अवेदनेची वाट

अंतकाळची शुश्रूषा हे आमच्या पेडणे महालात पूर्वापार घराचेच काम समजले गेले. पार्शेकर मंडळींस ते वेगळे सांगावयास नको. जिभेवर तुळशीपत्र, उशाशी रात्री जागविणारी सून, दारात बसून राहिलेला शेजार. माया उदंड असे. पण कर्करोगाच्या वेदनेपुढे तिचे काही चालत नसे.

हॉस्पिस हा शब्द ज्या लॅटिन कुळातला, त्यात यजमान व पाहुणा या दोघांस एकच नाव आहे. सिसिली सॉन्डर्सबाईंनी १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले, तेव्हा या जुन्या शब्दात नवे शास्त्र आले: वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी मॉर्फिन द्यावे. कलकत्त्यास मदर तेरेसांचे निर्मल हृदय १९५२ पासून होते. तेथला भर मुख्यतः आसऱ्यावर होता.

भारतातले पहिले हॉस्पिस १९८६ साली मुंबईस वांद्र्यात निघाले. टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. लुईस जुझे डिसोझा यांनी त्याचे नाव ठेवले 'शांती अवेदना'. नाव संस्कृत, शुश्रूषा करणाऱ्या ख्रिस्ती धर्मभगिनी, रुग्ण सर्व जातिधर्मांचे, आणि शुल्क मुळीच नाही. मृत्यूचा उच्चार टाळून केवळ वेदनेचे नाव घेणारा हा शब्द आम्हांस फार समर्पक वाटतो. पुढे याच संस्थेची शाखा गोव्यात लोटलीस आली.

दैवयोग असा की, त्याच सुमारास, १९८५ साली, अमली पदार्थांचा कडक कायदा झाला. शिक्षेच्या धाकाने दवाखान्यांनी व औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. मंदसोर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकत असता, त्याच देशातले रुग्ण तिच्यावाचून कण्हत पडले! २०१४ च्या दुरुस्तीने कायदा सैल झाला. धाक एवढ्या लवकर जात नाही.

केरळाने निराळी वाट धरली. कालिकतास १९९३ साली डॉ. राजगोपाल व डॉ. सुरेश कुमार यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या कार्यातून गावोगावचे शेजारीच शिकून तयार झाले, परिचारिका घरी जाऊ लागल्या, आणि २००८ साली राज्य सरकारने ते धोरण म्हणून स्वीकारले.

पार्शेहून लोटली गाठावयाची तर शापोरा, मांडवी व जुवारी अशा तीन नद्या ओलांडाव्या लागतात. लोटलीच्या कार्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु शेवटच्या आठवड्यात असलेल्या माणसास एवढा प्रवास घडवू नये. आमचा कल कालिकतच्या वाटेकडे आहे: औषध व परिचारिका यांनीच नद्या ओलांडून पार्शेस यावे.