भावंडांतील छळ

एका घरात वाढणाऱ्या सख्ख्या, सावत्र किंवा चुलत भावंडांपैकी एकाने दुसऱ्याला वारंवार मारणे, धमकावणे, घालूनपाडून बोलणे किंवा लैंगिक त्रास देणे. भावंडांची भांडणे घरोघरी होतात; त्यांत कधी एकाची सरशी होते, कधी दुसऱ्याची. छळात सोसणारे मूल मात्र नेहमी तेच असते. ते ठरावीक भावंडासोबत एकटे थांबायला नकार देते, झोपेत दचकते, अंगावरच्या वळांचे कारण सांगत नाही. गाऱ्हाणे नेलेच, तर ‘मोठा आहे तो, तूच ऐक’ हे उत्तर मिळते आणि छळाला घरचीच मुभा मिळते.

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील बोदलकसा आणि आसपासच्या धानपट्ट्यात रोवणीच्या किंवा तेंदूपत्त्याच्या दिवसांत आईबाप पहाटेच कामाला निघाले, की धाकटी पोरे थोरल्याच्या हवाली होतात. बहुतेक थोरली भावंडे त्यांना जिवापाड सांभाळतात. पण दहा-बारा वर्षांच्या पोरावर आईबापाचा अधिकार सोपवला आणि विचारणारे कोणी नसले, तर मार हीच शिस्त ठरते. अनेकदा मारणाऱ्यानेही तसाच मार खाल्लेला असतो. त्यालाही समुपदेशन हवे. अशा वेळी अंगणवाडी सेविका, आशाताई आणि शिक्षक यांची नजर मोलाची असते.

मरे स्ट्रॉस व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये अमेरिकी कुटुंबांच्या पाहणीतून दाखवले, की घरातल्या हिंसेत भावंडांमधली हिंसा सर्वाधिक आढळते. आठवड्यातून अनेकदा भावंडाचा जाच सोसलेल्या मुलांत अठराव्या वर्षी नैराश्याचे प्रमाण सुमारे दुप्पट असल्याचे २०१४ च्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसले.

कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा (२००५) पती-पत्नीपुरताच आहे, हा समज चुकीचा आहे. रक्ताच्या नात्याने एका घरात राहणारी बहीणही त्याखाली दाद मागू शकते. मुंबईच्या हरसोरा खटल्यात एका महिलेने आणि तिच्या आईने मिळून त्या महिलेचा भाऊ, भावजय आणि दोन बहिणींविरुद्ध तक्रार केली होती. कायद्यात प्रतिवादी ‘प्रौढ पुरुष’ असा होता, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये भावजय व बहिणींना वगळले. ६ ऑक्टोबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही शब्द समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवून काढून टाकले. तेव्हापासून छळणारी बहीण किंवा अल्पवयीन भाऊ यांच्याविरुद्धही संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येते. छळ सोसणाऱ्या भावाला मात्र या कायद्याचा आधार नाही, ही त्याची मोठी उणीव आहे.

लैंगिक अत्याचाराबाबत पॉक्सो कायदा (२०१२) मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. नातेवाइकाने केलेला अत्याचार त्यात अधिक गंभीर मानला आहे, आणि माहिती असलेल्या प्रत्येक प्रौढाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. घराण्याच्या अब्रूसाठी गप्प बसणे हाही गुन्हा ठरतो. अत्याचार करणारा अठरा वर्षांखालील असल्यास प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. कोणत्याही छळात मूल स्वतः १०९८ या मोफत क्रमांकावर फोन करू शकते.