राजाचे दूध आणि आमचा हुलगा

इतिहास म्हटला की आपल्या नगरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम किल्ला उभा राहतो. अहमद निजामशहाने शहर वसविले, चांदबिबीने किल्ला लढविला, १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू तेथे बंदिवासात होते व तेथेच त्यांनी आपला मोठा ग्रंथ लिहिला, हे सर्व आपणांस शाळेपासून पाठ आहे. परंतु त्या किल्ल्यात चुली कोण पेटवीत होते आणि काय शिजवीत होते, याविषयी माझ्या शाळेच्या पुस्तकांत एक ओळही नव्हती. संपादिकाबाईंनी यंदा स्मरणिकेसाठी माझ्याकडे इतिहासाचा लेख मागितला, तेव्हा मी स्पष्ट सांगितले की माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजेरजवाड्यांचा इतिहास मला झेपणार नाही, चुलीचा सांगेन. त्यांनी होकार दिला, म्हणून हे धाडस.

निमित्त झाले आपल्या मंडळातील पैजेचे. दर वर्षी आपण एखादा अवघड पदार्थ ठरवितो आणि गटागटाने तो करून आणतो, हे भगिनींना ठाऊक आहेच. यंदा एका मैत्रिणीच्या पुण्यास नोकरी करणाऱ्या मुलीने इटली देशातील पदार्थ सुचविला. त्याचे नाव रिकोत्ता न्योकी. नाव ऐकून पुष्कळजणींनी पदर तोंडाला लावला. परंतु कृती ऐकल्यावर हसे थांबले, कारण ती आपल्या हाताबाहेरची मुळीच नव्हती. नासविलेल्या दुधाचा मऊ चोथा घ्यायचा, त्यात थोडे पीठ घालून हलक्या हाताने गोळा करायचा, त्याच्या वळ्या करून बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे, काट्यावर दाबून रेघा उमटवायच्या आणि मिठाच्या उकळत्या पाण्यात सोडायचे. वर तरंगले की झाले. पैजेचे नियम दोनच ठेवले. विकतचे पनीर आणायचे नाही, दूध घरीच नासवायचे. आणि मंडळात निम्म्याहून अधिक भगिनी शाकाहारी असल्यामुळे अंडे घालायचे नाही. हा दुसरा नियमच पुढे सर्वांना नडला, कारण गोळा धरून ठेवण्याचे काम तिकडे पुष्कळदा अंडे करते.

रिकोत्ता या शब्दाचा अर्थ पुन्हा शिजविलेले, असा आहे. इटलीतील धनगर मेंढीच्या दुधाचे चीज करीत. चीज काढून घेतल्यावर जी हिरवट निवळी उरते, ती फेकून न देता ते पुन्हा तापवीत. निवळी चांगली कढत झाली की तिच्यातील उरलेसुरले सत्त्व पांढऱ्या कणांच्या रूपाने वर येते. ते गाळून घेतले की रिकोत्ता. म्हणजे हा मूळचा श्रीमंती पदार्थ नव्हे. टाकाऊतून काढलेला घास आहे. आम्ही घरी केले ते थेट दूध नासवून, तेव्हा काटेकोर बोलायचे तर तो रिकोत्ता नव्हता, छेना होता. परंतु पैज लावणाऱ्यांनी तेवढे खपवून घेतले.

न्योकीही जुनी आहे. पोपच्या स्वयंपाकघरात काम केलेला बार्तोलोमेओ स्काप्पी नावाचा आचारी होता. त्याने १५७० साली छापलेल्या पुस्तकात पीठ आणि पावाचा चुरा यांची न्योकी सांगितली असून ती किसणीच्या पाठीवर दाबून काढावी असे लिहिले आहे. बटाटा त्यांच्याकडे अमेरिकेतून आला आणि पुष्कळ उशिरा त्या गोळ्यात शिरला. पुढे १८९१ साली पेलेग्रिनो आर्तुसी या गृहस्थाने घरगुती पदार्थांचे पुस्तक काढले. त्यात एका बाईची गंमत आहे. तिने बटाट्याची न्योकी पाण्यात सोडली, झारा फिरविला, तो पातेल्यात काहीच नाही! पीठ कमी पडल्यामुळे सगळी विरघळून गेली होती. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे कामास येणार आहे. आर्तुसीबद्दल मला आदर वाटला तो मात्र दुसऱ्या कारणाने. त्याच्या घरी स्वयंपाकाला मारिएत्ता साबातिनी नावाची बाई होती. तिच्या एका पदार्थाला त्याने पुस्तकात तिचेच नाव दिले, आणि मरतेवेळी पुस्तकाचे हक्क तिला व आपल्या आचाऱ्याला लिहून ठेवले. असे करणारे पुरुष कोणत्याही देशात थोडेच.

आता आपल्याकडे येऊ. दूध मुद्दाम नासविणे ही आपली रीत नव्हे, ते पोर्तुगीज लोकांनी शिकविले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. आमच्या घरीही दूध नासले की आजी अपशकुन मानी आणि गुपचूप त्यात गूळ घालून मुलांना खायला देई. म्हणून मीही तेच खरे धरून होते. परंतु आपल्या मंडळातील निवृत्त शिक्षिकाबाईंनी पैजेच्या निमित्ताने 'मानसोल्लास' हा ग्रंथ आणविला आणि त्यातील अन्नाचे प्रकरण आम्हाला मराठीत अर्थ सांगून ऐकविले. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३०च्या सुमारास हा ग्रंथ सिद्ध केला. पोर्तुगीजांचा वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली. म्हणजे ग्रंथ त्याच्याही साडेतीनशेहून अधिक वर्षे आधीचा. बडोद्याहून तो तीन भागांत छापून निघाला आणि त्याच्या संपादकांचे आडनाव श्रीगोंदेकर. हे ऐकताच आमच्यातील श्रीगोंद्याच्या एका माहेरवाशिणीची मान जी ताठ झाली ती सभा संपेपर्यंत खाली आली नाही.

त्या ग्रंथात राजाच्या ताटातील मांडे, पुऱ्या, वडे हे तर आहेतच, पण दुधाचाही एक प्रकार आहे. तापविलेले दूध आंबट घालून फोडावे, फडक्यातून पाणी गाळून टाकावे, राहिलेल्या चोथ्यात तांदळाचे पीठ मिसळून आकार वळावेत, तुपात तळावेत आणि साखरेत घालावेत. शिक्षिकाबाईंनी एवढे सांगितल्यावर खोलीत क्षणभर कोणी बोलेना. नासविलेले दूध आणि पीठ यांचा हाताने वळलेला गोळा! ज्याला आम्ही परदेशी म्हणून हसलो, तो नऊशे वर्षांपूर्वी आपल्याच दख्खनच्या राजाने लिहून ठेवलेला. त्याहूनही जुन्या वैद्यकाच्या ग्रंथात, चरकसंहितेत, फोडलेल्या दुधाच्या चोथ्याला किलाट हे नाव आहे, आणि नव्या व्यालेल्या गाईच्या चिकाला पीयूष. चीक आपण विसरलो नाही, खरवस अजून घरोघर होतो. किलाट मात्र आपण विसरलो.

का विसरलो, यावर आमची तासभर चर्चा झाली. शिक्षिकाबाईंचे मत पडले की दूध नासणे अमंगल मानल्यामुळे. तेव्हा मंडळातील सर्वांत वडील आजी, ज्यांचे वय ऐंशीच्या घरात आहे, त्या म्हणाल्या, "अगं, अमंगळ कसलं? नासवायला आधी दूध तर पाहिजे!" आणि त्यांनी १९७२ च्या दुष्काळाची हकीकत सांगितली. जनावरे दावणीला उपाशी होती. आजी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तेथे सुकडी मिळे आणि घरी परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी. चहापुरते दूध मिळाले तर तो दिवस सणाचा. आज जिल्ह्यात दुधाच्या संस्था गावोगाव आहेत, राहुरीच्या कृषी विद्यापीठाने संकरित गाई तयार केल्या, भल्या पहाटे दुधाच्या गाड्या धावतात. म्हणून आपल्याला दोन लिटर दूध पैजेखातर फोडणे सुचते. माझ्या मते आजींचे म्हणणे खरे आहे. सोमेश्वराच्या वाड्यात दूध उरत होते, म्हणून गोळा दुधाचा झाला. इटलीतील धनगराकडे निवळी उरत होती. आमच्या कोरडवाहू रानात काय उरत होते? हुलगा.

आणि हुलग्याचा गोळा आपण कधीच विसरलो नव्हतो. हुलग्याचे पीठ, त्यात लसूण, मिरची, ओवा, मीठ. घट्ट मळून, तळहाताला तेल लावून, बारीक वळ्या करून त्यांची टोके जुळवायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. रस्सा आपोआप दाट होतो. शेंगोळे! ही न्योकी नव्हे तर दुसरे काय? हुलग्याला पाणी थोडे लागते, हलक्या रानात तो तग धरतो, आणि दख्खनच्या घोडदळाचा तोच खुराक होता. म्हणजे शिलेदाराचा घोडा आणि शिलेदाराच्या गावची गरीब बाई यांचे अन्न एकच. यामुळेच की काय, त्याला ताटात मान नाही. अकोले तालुक्यातून आलेल्या आमच्या एका वहिनी हे ऐकून म्हणाल्या की त्या घरी दर आठवड्यास शेंगोळे करतात, परंतु मंडळाच्या जेवणाला आणण्याची त्यांना आजवर लाज वाटली. लोक काय म्हणतील, जावई काय म्हणतील. हे ऐकून मला वाईट वाटले आणि रागही आला. इटलीच्या नावाने आपण फडके धुऊन दूध गाळायला बसतो आणि अकोल्याच्या बाईने आपला पदार्थ डब्यात झाकून ठेवायचा, हे कोणते शहाणपण?

पैजेच्या दिवशी जे झाले ते थोडक्यात सांगते. सावेडीच्या गटाने छेन्यात मैदा घातला. दोन लिटर गाईच्या दुधाला जेमतेम साडेतीनशे ग्रॅम छेना पडला, त्याला वाटीभर मैदा. त्यांनी चोथा रात्रभर टांगून ठेवला होता, म्हणून पीठ कमी लागले आणि न्योकी कापसासारखी झाली. भिंगारच्या गटाने तेच केले, परंतु कणीक मळावी तसा गोळा मळला. मैद्याला चिकाटी आली आणि त्यांची न्योकी दातांना दाद देईना. केडगावच्या गटाने राजाचा मान राखून तांदळाचे पीठ घातले आणि गोळे उकळत्या पाण्यात सोडले. झारा फिरविला, तो पातेल्यात पांढरे पाणी! आर्तुसीच्या बाईची गोष्ट आमच्या डोळ्यांदेखत घडली. तेव्हा रत्नागिरीकडचे माहेर असलेल्या एक वहिनी पुढे झाल्या. मोदकाची करतात तशी तांदळाच्या पिठाची उकड काढून त्यांनी ती उरलेल्या छेन्यात मिसळली, आणि ते गोळे पाण्यात टिकले. पीठ आधीच शिजून चिकट झालेले असल्यामुळे त्याने छेन्याला धरून ठेवले. आजींनी मात्र कच्च्या पिठाचे राहिलेले चार गोळे तुपात तळायला लावले. तेही फुटले नाहीत. "राजानं पाण्यात टाकायला सांगितलंच कुठं होतं?" आजी म्हणाल्या. "त्याच्या घरी तूप होतं."

अकोल्याच्या वहिनींनी पैजेबाहेर म्हणून शेंगोळ्यांचे पातेले आणले होते. ते सर्वांत आधी रिकामे झाले. पहिला क्रमांक मात्र नियमाप्रमाणे सावेडीलाच गेला आणि त्यावर अजून वाद चालू आहे.

काट्यावर रेघा उमटविण्याचे काम चालले होते तेव्हा आजींनी विचारले, "फणी नाही का?" त्यांच्या लहानपणी लग्नाआधी सुवासिनी एकत्र बसून खिरीसाठी गव्हले, मालत्या, नखुले वळीत. गव्हला गव्हाच्या दाण्याएवढा. नखुला नखाने दाबून. सरगुंडे बारीक काडीवर पिठाची वात गुंडाळून. आणि कोऱ्या फणीवर दाबून रेघा उमटविलेल्या त्या फणोल्या. स्काप्पीची किसणी आणि आजींची फणी यांचे काम एकच: रेघांत रस धरतो. आम्हा चाळिशीतल्या बायकांपैकी नखुले वळता येणाऱ्या दोघीच निघाल्या. बाकीच्यांच्या घरच्या लग्नात ते बचत गटाकडून पाकिटात आले होते. बचत गटाला माझा विरोध नाही, तेथेही वळणाऱ्या बायकाच आहेत आणि त्यांना चार पैसे मिळतात. पण एकत्र बसून वळताना ज्या ओव्या म्हणत, त्या पाकिटात येत नाहीत.

ओवीवरून आठवले. त्याच 'मानसोल्लासा'त संगीताच्या प्रकरणात राजाने नोंदविले आहे की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. शिक्षिकाबाईंनी हे वाचले तेव्हा आम्ही पुन्हा एकदा वाचायला लावले. राजाच्या कानावर आपल्या बायकांचा आवाज नऊशे वर्षांपूर्वी पडला होता! पुढे १२९० साली आपल्याच जिल्ह्यातील नेवासे येथे ज्ञानेश्वर महाराजांनी गीतेवरील टीका सांगितली ती याच ओवीत. उखळापाशी जन्मलेली ओवी नेवाशाच्या खांबापर्यंत गेली. परंतु कांडणाऱ्या त्या बायकांतील एकीचेही नाव राजाच्या ग्रंथात नाही, आणि दुधाचे गोळे वळणाऱ्या हातांचेही नाही. मराठीतही १८७५ चे 'सूपशास्त्र' पुरुषाने लिहिले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' आले, तेव्हा हजार पदार्थ एका बाईच्या नावाने छापले गेले.

पैजेनंतर मंडळाने एक वही घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर शेंगोळे अकोल्याच्या वहिनींच्या पूर्ण नावाने उतरविले आहेत. त्यांनी आधी नको म्हटले, मग स्वतःच अक्षर तपासून पाहिले. दुसऱ्या पानावर उकडीची न्योकी आहे: छेना दोन वाट्या, तांदळाच्या पिठाची उकड पाऊण वाटी, मीठ, मिरपूड, छेना किमान सहा तास टांगलेला असावा. आजींच्या फणोल्या अजून उतरवायच्या आहेत. त्या प्रमाण सांगत नाहीत, हाताला कळते म्हणतात. म्हणून येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता त्यांच्याच ओसरीवर बसायचे ठरले आहे. येणाऱ्यांनी अर्धा किलो बारीक रवा आणि एक कोरी फणी बरोबर आणावी.