पिंपरीची माती, समुद्रातली काकडी आणि आपला नायटा

बाहेर पाऊस, लोकलला गर्दी, अंगावर न वाळलेले कपडे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकरांना हे दिवस नवे नाहीत. आणि या दिवसांत येणारा पाहुणाही नवा नाही, फक्त त्याचं नाव काढायला सगळे लाजतात. नायटा! कुणी गजकर्ण म्हणतं, कुणी दाद. जांघेत, कमरेवर गोल चट्टा उठतो आणि खाज काही थांबत नाही.

हा बुरशीचा आजार. आणि बुरशीवर औषध शोधणं इतकं अवघड का गेलं, तेच आज ऐकायचंय.

बघा, बॅक्टेरिया आपल्यापेक्षा फार वेगळे असतात. पेनिसिलिन त्यांच्या पेशीची भिंत बनू देत नाही. आपल्या पेशींना तशी भिंतच नाही, म्हणून आपण वाचतो. बुरशीचं तसं नाही. उत्क्रांतीच्या नात्यात ती झाडांपेक्षा आपल्याला जवळची! तिला मारणारं विष बऱ्याचदा आपल्यालाही मारतं. मग फरक कुठे सापडतो? पेशीच्या बाहेरच्या पातळ पडद्यात. तो नीट राहावा म्हणून आपल्याकडे कोलेस्टेरॉल असतं, बुरशीकडे एर्गोस्टेरॉल. दोन्ही दिसायला जवळपास सारखी. पण त्या छोट्याशा फरकावरच बुरशीची बरीचशी औषधं उभी आहेत.

१९५० मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोघींनी मातीतल्या जिवाणूपासून 'निस्टॅटिन' मिळवलं. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत. नमुने चक्क पोस्टाने जायचे-यायचे!

आता आपल्याकडे या. कर्जतचा घाट चढला, लोणावळा ओलांडलं की पुढे पिंपरी. उल्हासनगरसारखीच फाळणीनंतर तिथेही सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. त्याच पिंपरीत १९५४ मध्ये सरकारी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कंपनी स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. मुख्य काम पेनिसिलिनचं. पण तिथे एम. जे. तिरुमलाचार हे बुरशीचे अभ्यासक संशोधन करत होते. त्यांना आणि सहकाऱ्यांना पिंपरीच्याच मातीत एक जिवाणू सापडला. नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! त्याच्यापासून मिळालेलं औषध म्हणजे 'हॅमायसिन'. १९६१ मध्ये त्याची माहिती छापून आली. नावातला 'हॅ' हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा.

हॅमायसिन करतं काय? एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतं. पडदा फुटका होतो, आतले क्षार बाहेर गळतात, बुरशी मरते. निस्टॅटिनचंही साधारण असंच. अडचण एकच: कोलेस्टेरॉलही दिसायला तसंच ना! म्हणून ही औषधं तोंडातल्या किंवा त्वचेवरच्या बुरशीला लावायला बरी, पण थेट रक्तात द्यायची तर धोक्याची.

मग शोध समुद्राकडे वळला. आपली उल्हास नदीसुद्धा शेवटी वसईच्या खाडीतून तिकडेच जाते. समुद्राच्या तळाशी समुद्री काकडी नावाचा प्राणी असतो. नाव काकडीचं, पण हा तारामाशाचा नातेवाईक. ना टणक कवच, ना पळायला वेग. मग बचाव कसा करणार? अंगातल्या रसायनांनी. १९६९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात जपानी समुद्री काकडीतल्या बुरशीविरोधी रसायनाची नोंद झाली. हे साबणासारखं रसायन, रिठ्यासारखा फेस आणणारं. तेही बुरशीच्या पडद्यातल्या स्टेरॉलला धरतं आणि भोकं पाडतं. मजा म्हणजे काकडीच्या स्वतःच्या पेशींतली स्टेरॉल्स वेगळ्या घडणीची, त्यामुळे ती स्वतःच्या विषाने मरत नाही. आपण मात्र तेवढे नशीबवान नाही. रक्तात गेलं तर हे रसायन आपल्या तांबड्या पेशी फोडतं. पुन्हा तोच जवळच्या नात्याचा घोळ!

म्हणून नवे शोध पडद्यापलीकडे बघतात. २०२० मध्ये अमेरिकी संशोधकांनी फ्लोरिडाच्या समुद्रातल्या एका प्राण्याच्या अंगावर राहणाऱ्या जिवाणूपासून 'टर्बिनमायसिन' मिळवलं. ते बुरशीच्या पेशीतली मालवाहतूक अडवतं. एका ठिकाणी बनलेला माल दुसरीकडे पोहोचतच नाही. उंदरांवर चांगलं चाललं. पण उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता लांब आहे.

तोवर आपल्या हातात मोजकीच औषधं आहेत. त्यातलं टर्बिनाफिन एर्गोस्टेरॉल बनूच देत नाही. नायट्यावर वर्षानुवर्षं हमखास चालायचं. पण २०२० मध्ये नायट्याच्या एका बुरशीला नवं नाव मिळालं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. हो, त्यात आपल्या देशाचं नाव आहे. तिच्यातल्या अनेक बुरशींनी एर्गोस्टेरॉल बनवणारं एन्झाइमच जरासं बदललंय. टर्बिनाफिन तिथे बसतच नाही.

त्यात आपण काय करतो? मेडिकलमधून मित्राने सांगितलेली ट्यूब आणतो. बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज, लाली कमी होते, आपण खूश. पण स्टेरॉइड शरीराचा पहारा झोपवतं आणि बुरशी आतून पसरते. शिवाय चट्टा फिका पडला की औषध बंद! अर्धवट मेलेली बुरशी परत येते, घरातल्या टॉवेलवरून इतरांनाही गाठते.

बुरशी आणि आपल्यातला एवढासा फरक पकडायला लोकांनी माती चाळली, समुद्राचा तळ गाठला. तो फरक एका ट्यूबपायी वाया घालवू नका. चट्टा दिसला तर लाजू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, त्यांनी सांगितले तितके दिवस औषध घ्या. टॉवेल वेगळा ठेवा, कपडे पूर्ण वाळवून घाला. पावसाळ्यात हे अवघड आहे, माहितीये. तरी करा.

हा भाग त्या मित्राला पाठवा, जो कुणाला न सांगता खाजवत बसलाय. भेटू पुढच्या भागात!