हौशी खेळाडूचा हिशोब

कबड्डीच्या अखिल भारतीय संघटनेच्या नावात ‘अमॅच्युअर’ म्हणजे ‘हौशी’ हा शब्द आहे. याच खेळातल्या पवन सेहरावत या खेळाडूवर २०२३ साली प्रो कबड्डी लीगच्या लिलावात दोन कोटी साठ लाख पन्नास हजार रुपयांची बोली लागली. हौस एवढी महाग कधी झाली, असे कुणी विचारले तर मी म्हणेन, ती फुकट कधीच नव्हती. फक्त हिशोब लिहिला जात नव्हता.

आमच्या गुहागरकडे मे महिन्यात चाकरमानी आले की खळ्यात, शेतात लाल मातीची मैदाने तयार होत. ट्यूबलाइटच्या उजेडात रात्रभर सामने चालत. माझा मावसभाऊ त्या मैदानातला चढाईपटू. १९८८ साली आम्ही दोघे चिपळूणला कॉलेजात गेलो. मी कवितेच्या नादाला लागलो, तो बोनस रेषेच्या. वर्षभरात मुंबईच्या एका कॉलेजातून त्याला निरोप आला. फी माफ, राहायला लालबागच्या चाळीत खोली, दोन वेळचे जेवण आणि सामन्यामागे हातावर थोडी ‘खर्ची’. पगार म्हणायचे नाही, कारण तो हौशी! पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजाने थोडी जास्त खर्ची देऊ केली, तो तिकडे गेला. विषय बदलले, हजेरी भरली नाही. तिसऱ्या वर्षी पकडीत गुडघा गेला. तीन आठवडे लोक भेटायला आले, चौथ्या आठवड्यात खोली रिकामी करायला सांगितले. खाला मला म्हणाली, “अरे, त्यांनी कबूल केलेलं काही कागदावर आहे का?” कागद नव्हता. पदवीही नव्हती.

त्या एका कॉलेजावर राग धरून उपयोग नाही. बँका, रेल्वे आणि कंपन्यांच्या संघांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी गरीब मुलांना खेळाच्या जोरावर नोकऱ्या दिल्या, घरे उभी केली. कॉलेजचा संघ हा त्या नोकरीच्या दारातला उंबरठा होता. म्हणून मुले एका संघातून दुसऱ्या संघात जात. पण जो उंबरठ्यावरच पडला, त्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती.

हाच प्रश्न अमेरिकेने आपल्या कितीतरी आधी पाहिला. १८५२ साली हार्वर्ड आणि येल यांच्यात नौकांची शर्यत झाली, ती तिथली पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. प्रवाशांची गर्दी जमावी म्हणून एका रेल्वे कंपनीने तिचा खर्च उचलला होता. म्हणजे पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्यांच्या खेळात व्यापार होताच. पुढे १९०६ साली नियामक संघटना निघाली आणि खेळाडूने हौशीच राहिले पाहिजे, हे तिचे ब्रीद झाले.

१९५५ साली कोलोरॅडोत रे डेनिसन हा कॉलेजचा फुटबॉलपटू डोक्याला मार लागून दगावला. त्याच्या विधवेने कामगाराला मिळते तशी नुकसानभरपाई मागितली. कॉलेजचा धंदा फुटबॉल नाही, असे म्हणत न्यायालयाने १९५७ साली ती नाकारली. असे दावे टाळता यावेत म्हणून संघटनेने त्याच काळात ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द रूढ केला. शब्द देखणा होता. त्याचे काम मात्र भरपाई टाळण्याचे होते. हे वाचले तेव्हा मला लालबागची ती खोली आठवली.

तिकडचा बांध शेवटी न्यायालयातच फुटला. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमाई करायची मुभा मिळाली. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्याला एक वर्ष बाहेर बसावे लागे. ही अट २०२१ मध्ये पहिल्या बदलापुरती सैल झाली, २०२४ मध्ये बदलांवरची मर्यादाच गेली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने एक तडजोड मंजूर केली आणि विद्यापीठांना थेट खेळाडूंना पैसे वाटता येऊ लागले. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा दर विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. आता तिथे उलटी तक्रार आहे: मुले दरवर्षी संघ बदलतात, अभ्यास कुठेच पुरा होत नाही. शंभर वर्षे दडवलेला हिशोब एकदम उघडला की असेच व्हायचे.

आपल्याकडे २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि पैसा उजेडात आला. मला त्याचे वाईट वाटत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारने २०२४ साली पुणेरी पलटणचा कर्णधार म्हणून विजेतेपद उचलले, तेव्हा आमच्या मोहल्ल्यात टीव्हीसमोर जागा नव्हती. पण लीगमध्ये पोचणारे मोजके. बाकीची पोरे आजही कॉलेज, मंडळ आणि कंपनी यांच्यामध्ये तोंडी शब्दावर फिरतात.

सुधारणा म्हणजे बंदी नव्हे. मुलाला बांधून ठेवाल तर व्यवहार पुन्हा अंधारात जाईल. मला तीनच गोष्टी हव्यात. काय देणार ते मराठीत लिहून पालकांच्या हाती द्यावे. खेळताना झालेल्या दुखापतीचा इलाज, खेळ थांबला तरी, संघाने पुरा करावा. आणि बदली वर्षाच्या मध्येच नव्हे, परीक्षेनंतर व्हावी, मागचा अभ्यास बरोबर घेऊन. २०२१ पासून ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ ही सोय आहे. एका संस्थेत मिळवलेली श्रेयांके दुसरीकडे नेता येतात. ती खेळाडूच्या कामी येणार नसेल तर कुणाच्या?

मावसभावाचे आता शृंगारतळीला दुकान आहे. पायऱ्या चढताना तो अजून भिंतीला हात लावतो. मागच्या महिन्यात त्याचा मुलगा माझ्याकडे आला. एकोणीस वर्षांचा, बापासारखीच चढाई. मुंबईहून बोलावणे आले होते. “चाचा, जाऊ का?” त्याने विचारले.

मी म्हटले, “जा. पण आधी कागद माग.”

आठ दिवस झाले. कागद अजून आलेला नाही, आणि पोरगा बॅग भरून बसला आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)