ऑगस्टाच्या परिषदेची कुळकथा
अमेरिकेतील 'सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन' ही संस्था यादवी युद्धापूर्वी सोळा वर्षे, १८४५ च्या मे महिन्यात, जॉर्जियातील ऑगस्टा शहरी स्थापन झाली. परंतु तिचे मूळ शोधू गेल्यास ते कलकत्त्यास सापडते. १८१२ साली हिंदुस्थानास आलेल्या ज्या मिशनऱ्यांपैकी गॉर्डन हॉल पुढे मुंबईस स्थिरावले, त्यांच्यातीलच अ‍ॅडोनिराम जडसन आणि ल्यूथर राइस यांनी कलकत्त्यात बॅप्टिस्ट मत पत्करले, व त्यांना धाडणाऱ्या पूर्वीच्या मिशन-मंडळाचा आश्रय त्यामुळे सुटल्याने राइस यांनी स्वदेशी परतून बॅप्टिस्टांना साद घातली. तिचे फळ म्हणजे १८१४ ची फिलाडेल्फियाची मिशन-परिषद.

बॅप्टिस्टांवर बिशपाची हुकमत नसते, प्रत्येक मंडळी आपल्या कारभारास स्वतः मुखत्यार असते. म्हणून उत्तर व दक्षिण यांना जोडणारे बंधन मिशनच्या समाईक खजिन्यापुरतेच होते, आणि गुलामगिरीचा तंटा चिघळला तोही तेथेच. फिलाडेल्फियाच्या परिषदेचे पहिले अध्यक्ष, दक्षिण कॅरोलिनाचे रिचर्ड फर्मन, यांनी डेन्मार्क व्हेसी याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुलामांच्या उठावाच्या कटानंतर गव्हर्नरास निवेदन सादर करून गुलामगिरीस शास्त्राधार असल्याचे प्रतिपादिले होते. १८४४ मध्ये जॉर्जियाच्या बॅप्टिस्टांनी जेम्स रीव्ह या गुलाममालकाचे नाव मिशनरीपदासाठी स्वदेशी मिशनकडे मुद्दाम धाडले. मिशनने त्या अर्जाचा विचार करण्याचेच नाकारले. अलाबामाच्या बॅप्टिस्टांच्या पृच्छेस परदेशी मिशनच्या बॉस्टन येथील मंडळाने उत्तर दिले की, गुलामांवरील मालकी न सोडणाऱ्यास आपण मिशनरी नेमणार नाही.

तेव्हा उत्तरेशी फारकत घेण्यासाठी ऑगस्टास दक्षिणेचे २९३ प्रतिनिधी जमले. अध्यक्षस्थानी होते विल्यम जॉन्सन, जे एकतीस वर्षांपूर्वी फिलाडेल्फियाच्या सभेसही हजर होते. आपल्या हयातीत एकाच घराची उभारणी आणि वाटणी अशा दोहोंत हात असणे, यासारखे दुर्दैव कोणते? उत्तरेशी आपला श्रद्धेच्या एकाही कलमात भेद नाही, असे या सभेने जाहीर केले. मला तर हीच गोष्ट सर्वांत विषण्ण करणारी वाटते. कारण मनुष्य ही मालमत्ता होऊ शकते की नाही, हा प्रश्न श्रद्धेच्या कलमांत बसतच नाही, असा त्याचा अर्थ झाला. १८५० मध्ये सेनेटर कॅल्हून यांनी संघराज्य बांधून ठेवणाऱ्या तुटत्या बंधनांत मेथडिस्टांपाठोपाठ बॅप्टिस्टांचीही गणना केली.

ज्यांच्याविषयी हा कलह चालला होता, त्या गुलामांपैकी हजारोजण स्वतः बॅप्टिस्ट होते, मालकांच्याच मंडळ्यांत त्यांची नावे दाखल होती; पण त्यांचे मत ऑगस्टात कोणी विचारले नाही. युद्धानंतर मुक्त झालेल्या या बांधवांनी त्या मंडळ्या सोडून स्वतःच्या मंडळ्या उभारल्या. ऑगस्टाच्या वारसदारांनी गुलामगिरीबद्दल क्षमा मागितली ती १९९५ साली.